अंतिम सामन्याचं गाऱ्हाणं

वरची वाडी, कट्टा
१२ नोव्हेंबर २०२४

दादा,

तीर्थरूप लिहायचं की प्रिय, ते ठरेना. शेवटी नुसतंच दादा लिहिलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा वाटलं, तुमच्याकडे ठाण्यात कोणीतरी गेलं असणार. तू पत्र लिहितोस ते मयताचं नाहीतर कामाचं. उघडलं, तर कामाचं निघालं.

कान गेल्याचं वाचून वाईट वाटलं. मशीन लावूनही फोनवरचं कळत नाही म्हणतोस, तर पत्रच बरं. मला कुठे गाडी पकडायची आहे?

तुझं काम मला नीट समजलंय का बघ. १६ फेब्रुवारीला आजोबांच्या अजिंक्यपदाला एकशे बारा वर्षं होतील. शंभरावं आलं तेव्हा बाबा अंथरुणावर होते, आणि तुला रजा नव्हती. आता निवृत्त झालास, म्हणून एकशे बारावं मोठं करायचं. वाडीच्या टेनिस कोर्टाच्या कडेला संगमरवरी दगड बसवायचा, 'कै. रामचंद्र परब, दक्षिण कोकण क्ले-कोर्ट टेनिस अजिंक्यवीर, १९१३.' बाबूने वाडीच्या वतीने रिवाजाप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घालायचं. आणि पहिल्या चेंडूचा मान सगळ्या वाडीसमोर तुझ्या लेकाकडे, निकेतकडे द्यायचा, कारण डॉक्टर तुला पुढच्या फेब्रुवारीची खात्री देत नाहीत. हे शेवटचं तू ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिलं आहेस. वाचलं मी. डोळे अजून शाबूत आहेत.

मानाचं म्हणशील, तर बाबा गेल्यापासून तो चेंडू कोणी मारलेलाच नाही. नारळ फुटतो, बाबू गाऱ्हाणं घालतो, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि रॅकेट जाळीला टेकवून ठेवतात. परबांच्या घरात पुरुष नाही म्हणून. मी तिथेच उभी असते, पण मी मोजण्यात नाही. त्याच कोर्टावर सतराव्या वर्षी मी तुला किती वेळा रडवलं ते वाडीला आठवत नसेल, तुला आठवत असेल.

दगडावर कोरायच्या मजकुरासाठी तुला पुरावा हवा, सामन्यांची वही हवी, ती आजोबांच्या ट्रंकेत असणार आणि मी ती शोधावी. शोधते. ट्रंक माळ्यावर आहे. माझे गुडघे कसे आहेत ते तू विचारलेलं नाहीस, पण शोधते.

जानकी

२६ नोव्हेंबर २०२४

दादा,

दिवाळी झाली तसं कोर्टाचं काम काढलं. तू स्मरणिकेत 'इंग्रजी तंत्राने बांधलेले कोर्ट' लिहिणार आहेस असं कळवलंस, ते कृपा करून लिहू नकोस, लोक हसतील. कस्टमचा साहेब इथे तळ ठोकून होता तेव्हा त्याने जागा आखली आणि तीन वर्षं स्पर्धा भरवल्या, एवढंच त्याचं तंत्र. मग तो लढाईवर गेला तो गेलाच. कोर्ट राहिलं, कारण वाडीला ते खळ्यासारखं करता येत होतं. दर पावसात वाहून जायचं आणि दर दिवाळीनंतर नवं व्हायचं. अजून तसंच आहे. तांबडी माती, त्यात वारुळाची माती, वर पाणी, मग दहा जण ओळीने बसून लाकडी चोपण्यांनी ठोकतात, आणि शेवटी आम्ही बायका सारवतो. चार दिवस कोंबडंसुद्धा पाऊल ठेवत नाही. नारळ कशाला फोडता म्हणून बाहेरचे हसतात. आपलं खळं असतं, त्याला आपण फोडतो, बस.

ट्रंक उघडली. वही मिळाली. तिच्याखाली आजोबांची नकलवही पण मिळाली. आजोबा साहेबाचे कारकून होते आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची नक्कल ठेवायचे, हे तुला माहीत आहेच. ती सवय तुझ्यातही उतरली आहे.

आता नीट बसून वाच.

सामन्यांच्या वहीत रविवार, १६ फेब्रुवारी १९१३ च्या पानावर गुणच नाहीत. आपल्याला लहानपणापासून सांगितलेले पाच सेट नाहीत, अनवाणी पाय नाहीत, टाळ्या नाहीत. साहेबाच्या हातची इंग्रजीत एकच ओळ आहे, 'तांडेल गैरहजर. रामचंद्र विजयी.' आदल्या पानावर उपांत्य सामना आहे. त्यात या तांडेलाने खुद्द साहेबाला सरळ हरवलं आहे. भिकाजी तांडेल, मालवणचा, मासेमारीवाल्यांपैकी. आजोबा त्याच्याशी त्याच्या आदल्या वर्षी खेळले होते आणि किती वाईट हरले होते ते आकड्यांत आहे, मी लिहीत नाही.

आणि नकलवहीत, जावक क्रमांक ४१, १२ फेब्रुवारी. 'भिकाजी तांडेल यांस कळविण्यात येते की, अंतिम सामना रविवारऐवजी सोमवार दिनांक १७ रोजी होईल.' खाली सही आजोबांची.

साहेबाने दिवस बदललेला नव्हता. आजोबांनी एकट्या तांडेलापुरता बदलला.

मी बाबूला नुसतं सहज म्हणून विचारलं, मालवणचा कोणी तांडेल आपल्या कोर्टावर यायचा का. तो म्हणाला, "माजो आजो सांगा, एकदा एक तांडेल सोमवारी इल्लो. धुतलेला धोतर, खांद्यार रॅकेट. कोर्टार कोण नाय. सांज जायसर थंयच बसलो, आनी रॅकेट थंयच टाकून गेलो. कित्याक ता कोणाकच कळूक नाय."

आपल्या माजघरात चषकाच्या बाजूला दोन रॅकेटी टांगलेल्या आहेत. दुसरी कोणाची, असं मी लहानपणी विचारलं की बाबा म्हणायचे, "ती पण आजोबांचीच, जादाची."

काय करू ते कळव. तुझा दगड तयार झाला का?

जानकी

१५ डिसेंबर २०२४

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एकच शब्द, 'जाळ', आणि त्याखाली दोन रेघा. पेन कार्डातून आरपार गेलं आहे. तब्येत बरी दिसते.

जाळलं. न्हाणीच्या चुलीत घातलं, त्या पाण्याने आंघोळ केली. जुना कागद भुरकन पेटतो, पाणी जेमतेम कोमट झालं.

तू म्हणशील की साधनं तोकडी असलेल्या माणसाने त्या काळात साहेबी स्पर्धेत नाव काढलं हेच मोठं, आणि घराण्याला एक गोष्ट लागते. लागते रे. मीही त्या गोष्टीवर वाढले. शाळेत मला कोणी काही बोललं की मी चॅम्पियनची नात आहे असं सांगायचे. म्हणूनच मी रॅकेट हातात घेतली. आज मला त्याची लाज वाटते आणि रागही येतो, दोन्ही एकदम. तांडेलांच्या घरात त्या सोमवारी काय बोलणं झालं असेल याचा विचार करत मी आठ दिवस नीट जेवले नाही. तू आजोबांचा नातू आहेस, तू जेवला असशील.

ट्रंकेच्या तळाशी तुझेही काही कागद आहेत. येशील तेव्हा घेऊन जा.

जानकी

१९ जानेवारी २०२५

दादा,

कुठले कागद म्हणून विचारलंस, आणि या खेपेला जलद टपालाने. शाळेचे दाखले असतील, दुसरं काय असणार? मी काही सगळे उलगडून बघितले नाहीत.

दगड पोचला. स्टेशनवर उतरवून टेम्पोने आणला. अक्षरं सुबक आहेत. तो सध्या गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवला आहे आणि मांजर त्यावर झोपतं.

पत्रिका वाटल्या. बाबूने जुन्या माणसांना स्वतः जाऊन सांगितलं. तुझी खोली सारवून घेतली आहे. तुझ्यासाठी पेजेचे तांदूळ वेगळे काढून ठेवले आहेत, डॉक्टरांनी मीठ बंद केलं असेल तर तसं कळव. उगाच माझ्या हातून काही व्हायला नको.

एक विचारू? एकदाच विचारते, आणि तू काय लिहिशील त्यावर मी पुन्हा काही बोलणार नाही.

चौऱ्याऐंशी साली रत्नागिरीच्या स्पर्धेत ते कोल्हापूरचे टेनिसचे सर माझा एकच सामना बघून गेले होते. पत्ता लिहून घेतला, निवड झाली तर मे महिन्यात पत्र येईल, दोन वर्षं राहून शिकायचं, असं म्हणाले. मे गेला, जून गेला. मी रोज पोस्टमनच्या वाटेवर फाटकाशी उभी. तूच मला आत घेऊन आलास, चहा करून दिलास, आणि म्हणालास, "त्येंका उंच चेडवां व्हयी असतली गो. तू मनार घेव नुको." उंच मुलीच हव्या असतील, असं मीही धरून चालले. त्यानंतर आई अंथरुणाला खिळली, तू ठाण्याला गेलास, आणि मी राहिले. आईची नऊ वर्षं, बाबांची चौदा. कोणीतरी राहायला हवंच होतं.

ते पत्र आलं होतं का, दादा?

जानकी

३ फेब्रुवारी २०२५

दादा,

'देवाशपथ, कसलंही पत्र कधी आलं नव्हतं.' बरं.

तारीख सोळाच आहे. रविवार, सकाळी नऊ. पत्रिका सोबत जोडली आहे, माझ्यावर भरवसा नसेल तर बाबूच्या मुलाला निकेतकडून फोन करवून खात्री करून घे. निकेतला घेऊन ये.

जानकी

८ मार्च २०२५

दादा,

तुझं चार पानी पत्र आलं. एवढं मोठं पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस. माझ्या हातची पेज, बाबूचं गाऱ्हाणं, कोर्टाचा तांबडा रंग, सगळं डोळ्यांसमोर येतं म्हणतोस. सगळ्या वाडीने एवढ्या मायेने बघितलं, माणसं येऊन नुसती खांद्यावर हात ठेवून जात होती, कोणी काही बोलेना, एवढी भरून आली होती. आता डोळे मिटायला हरकत नाही, असं शेवटी लिहिलं आहेस. आणि जानके, तू माझ्यावर एवढी माया करत होतीस हे मला कळलं नाही, असंही.

म्हणून सांगते. नाहीतर तू खरोखरच डोळे मिटशील.

मी काही जाळलं नव्हतं. जानेवारीत तुझं देवाशपथवालं पत्र यायच्या आधीच दोन्ही कागद बाबूला दाखवले होते. दुसरा कागद तुझा. निळा कार्बन, तुझं ऑफिसात घोटवलेलं अक्षर, वर तारीख १९ मे १९८४, कोपऱ्यात जावक क्रमांकसुद्धा घातला आहेस. 'कु. जानकी हिचे लग्न ठरले असल्याने ती येऊ शकत नाही. तरी अन्य मुलीचा विचार व्हावा.' खाली बाबांची सही, तू केलेली. त्याला टाचणीने लावलेलं सरांचं पत्र. निवड झाली म्हणून. चाळीस वर्षं तू ते माझ्याच डोक्यावर, माळ्यावर ठेवलंस. फाडायला काय झालं होतं? नक्कल ठेवलीच पाहिजे म्हणून ठेवलीस ना? आपल्या घराण्याचा खेळ टेनिस नव्हेच रे, पत्रं लिहिणं हाच.

आणि लग्न कोणाशी ठरलं होतं तेवढं सांग. मी सत्तावन्न वर्षांची झाले, अजून बघायला कोणी आलेला नाही.

बाबूने दोन्ही कागद दोनदा वाचले. मग म्हणाला, "जानके, दर वर्सा मी देवासमोर उबो ऱ्हवान सांगतंय, रामचंद्र जिकलो. न कळता सांगलंय, ता देव सोसता. आता कळला. आता सांगलंय तर माजी जीभ झडतली." मी म्हटलं, दादाचं उत्तर येऊ दे. त्याने खरं लिहिलं तर आजोबांचं तेवढं बोल, दादाचं राहू दे. तुझं उत्तर आलं तसं मी जाऊन सांगितलं, दोन्ही बोल.

तू ऐकावंस म्हणून हे केलं होतं, हे लक्षात घे. तुला पहिल्या रांगेत, बाबूपासून चार हातांवर मीच उभं केलं. वाडीसमोर, हात जोडलेले असताना, तुझ्या कानांनी तुला ऐकायला लागावं. पण लाऊडस्पीकर शिट्टी मारायला लागला आणि तू कळवळून कानातलं मशीन काढलंस, खिशात टाकलंस. मी बाबूला थांबवायला पुढे झाले होते. त्याने सुरुवात केलेली होती.

काय बोलला ते शब्दाला शब्द देते.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा! एकशे बारा वर्सा आमी तुका सांगत इलंव, रामचंद्र जिकलो म्हणान. तो जिकूक नाय. तेना तांडेलाक खोटो दिस कळयल्यान, आनी एकटोच उबो ऱ्हवान चषक घेतल्यान, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी वाडी म्हणाली. तोंडाला सवयच ना. शब्द कानात शिरायच्या आधी 'व्हय' बाहेर पडतं. आणि तू, बाबूचा हात वर गेलेला बघून, सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडलास.

"तेच्या नातवान भयणीचा इला ता पत्र लपयल्यान, तिका नको म्हणान परस्पर कळयल्यान, तिचो जल्म ह्या घरात पुरल्यान, रे म्हाराजा!"

या खेपेला वाडी गप्प झाली. त्यांना आता ऐकू आलं होतं. एवढ्या माणसांत एकच आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तुझा. डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय.

शेवटची लेकरांना बरं ठेवण्याची ओळ बाबूने कशीबशी संपवली.

त्यानंतर तुला कोणी काही बोललं नाही, कारण माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल झाला, त्याला आणखी काय बोलायचं? खांद्यावर ठेवलेले हात ते होते. माया म्हण, कीव म्हण. तू निकेतला मानाची रॅकेट दिलीस आणि त्याने खांद्याला हात लावून खुणेने सांगितलं, दुखतोय, तुम्हीच मारा. त्याचा खांदा ठणठणीत होता. आदल्या दिवशी माझ्या विहिरीचं पाणी त्यानेच ओढून दिलं. त्याने ऐकलं होतं, दादा. मालवणी त्याला तू समजतोस त्यापेक्षा जास्त येते. संध्याकाळी तू झोपलास तेव्हा त्याने कागद बघायला मागितले आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घेतले. गेले वीस दिवस तो तुझ्यासमोर बसून जेवतो आहे आणि तुला काही सांगत नाही. का, ते त्याला विचार.

मी तरी त्याच वेळी का सांगितलं नाही, असं तू म्हणशील. मशीन कानात घालून दोन वाक्यं बोलायची होती. पण तू रडत होतास, आणि मला ते बघावंसं वाटत होतं. तू माझ्या हातची पेज मागून मागून घेत होतास, आणि मी वाढत होते. एवढं सुख मला गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. ते असं झालं, याची लाज वाटते. पण झालं.

दगड बसवला नाही. शिमग्यानंतर बसवू असं तुला सांगितलं होतं ते खोटं. मान तांडेलांना द्यायचा ठरला, त्यासाठी मी आणि बाबू कट्ट्याच्या बाजारात गेलो. भिकाजीची पणतसून पूजा तिथे मासे विकते. सगळं सांगितलं, माजघरातली भिकाजीची रॅकेट पुढे केली. ती बांगडे साफ करता करता म्हणाली, "माका कित्याक व्हयी ती? आमच्या घरात कोणाकच म्हायत नाय. म्हाताऱ्यान कधी सांगूकच नाय." मग गिऱ्हाईक आलं, आम्ही बाजूला झालो. रॅकेट परत घेऊन आलो.

एक राहिलं. ते लिहिलं नाही तर मला झोप यायची नाही. निघताना निकेत माझ्या पाया पडला आणि त्याने विचारलं, "आत्या, तुम्ही खरंच एवढं चांगलं खेळायचात?"

कोणाला विचारून सांगणार? ते सर केव्हाच वारले. बाबू म्हणतो, बरी खेळायचंस, पण बाबूने टेनिस आपल्या कोर्टापलीकडे बघितलेलं नाही. मला स्वतःला तर कळायची संधीच आली नाही. माझा चेंडू वर्षानुवर्षं समोर उभं राहून घेतलेला माणूस जगात आता एकच उरला आहे. तू. मी किती चांगली होते ते तुलाच माहीत आहे, म्हणून तर तू ते पत्र लिहिलंस. तू सांगू शकतोस, दादा, निकेतला आणि मलाही. पण आता तू सांगितलंस तरी ते खरं कोण मानणार? मीसुद्धा मानणार नाही.

जानकी